दोन प्रतींत

सरकारला नावं ठेवायला आपल्याकडे माणसं कधी कमी पडली नाहीत. सलूनमध्ये गालाला साबण लागलेला असताना, म्हणजे तोंड उघडणं सरळसरळ जोखमीचं असताना, माणसं अर्थसंकल्पावर बोलतात. एसटीत शेजाऱ्याशी ओळख काढायला 'काय हे रस्ते!' एवढी प्रस्तावना पुरते. लग्नात मानपानावरून दोन्हीकडचे मामा एकमेकांकडे पाठ करून बसलेले असले, तरी नगरपालिकेचा विषय निघाला की खुर्च्या आपोआप वळतात. या बोलण्याला पैसे पडत नाहीत आणि सरकारचंही त्याने काही बिघडत नाही. ते सरकारच्या कानावर जातं, पण कानाला आवक क्रमांक नसतो.

आवक क्रमांक पडतो तो बारनिशीत. कुठल्याही सरकारी कचेरीत शिरलं की जिन्याखाली, किंवा जिथे पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात, एक टेबल असतं. त्यावर रजिस्टर, शाईचं पॅड आणि गोल शिक्का. शिक्क्यामागे एक माणूस, ज्याला जेवायला जायचं असतं. तुम्ही अर्जाच्या दोन प्रती पुढे करायच्या. एक तो ठेवून घेतो, दुसरीवर शिक्का मारून, तारीख टाकून, सहीसारखं काहीतरी करून परत देतो. या दुसऱ्या प्रतीला पोच म्हणतात. मला विचाराल तर या राज्यात जनतेचा आवाज सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतो तो या शिक्क्याच्या 'ठप्प'मध्ये.

तो ठप्प काढायला लावणारा माणूस प्रत्येक वॉर्डात एखादाच असतो. आमच्याकडे त्यांना सगळे काका म्हणतात. आडनाव बहुधा रजिस्टरलाच ठाऊक. असे काका नेहमी पोस्ट, एसटी, पाटबंधारे अशा कुठल्यातरी खात्यातून निवृत्त झालेले असतात, त्यामुळे समोरच्या पक्षाची भाषा त्यांना अस्खलित येते. तुम्ही-आम्ही म्हणतो, 'नळाला पाणी नाही.' काका लिहितात, 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर प्रभागातील पाणीपुरवठा अनियमित व अपुऱ्या दाबाने होत असून…' हे वाचून पाणीपुरवठा विभागाला घाम फुटतो. हा बाहेरचा माणूस नाही, घरभेदी आहे, हे तिथे पहिल्याच ओळीत कळतं.

काकांबरोबर एकदा बारनिशीत जायचा योग आला. खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, "साहेब रजेवर आहेत. उद्या या."

"साहेबांना भेटायचंच नाही मला. शिक्का रजेवर आहे का?"

"शिक्का आहे हो. पॅड सुकलंय."

काकांनी पिशवीतून पॅड काढलं, झाकण उघडलं आणि खिडकीतून आत सरकवलं.

"काका, नुसता ठेवून जा ना अर्ज. आम्ही काय पळून चाललोय?"

"तुम्ही कशाला पळाल? कागद पळतो."

शिक्का उमटला. काकांनी पोच उजेडात धरून वाचली आणि परत पुढे केली. "तारीख कालची पडलीय."

"राहिली बदलायची. काय फरक पडतो?"

"मुदत तीस दिवसांची आहे. तुमच्या साहेबांचा एक दिवस उगाच बुडेल."

अशा माणसाबरोबर लांबचा प्रवास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काकूंचंही तेच असावं. त्या माहेरी एकट्याच जातात.

हा काका-संप्रदाय काही आजचा नाही. त्याचे मूळपुरुष पुण्याचे गणेश वासुदेव जोशी. त्यांना लोक 'सार्वजनिक काका' म्हणत, म्हणजे ही पदवी दीडशे वर्षांची जुनी आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तक्रार होती आणि ती मांडायला गेलं की 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' हा प्रश्न येई. कोणीही दुसरा 'जाऊ दे' म्हणून घरी गेला असता. पण पुणेकराला 'तुम्ही कोण?' विचारणं ही घोडचूक असते, ती तेव्हाही होती. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली आणि सभासदाला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायची अट घातली गेली. घ्या, आता विचारा कोणाच्या वतीने!

मग सभेने साहेबाच्या सरकारला अर्ज धाडायला जो प्रारंभ केला तो थांबेचना. सारावाढ झाली, अर्ज. दुष्काळ पडला, पाहणी, अहवाल, अर्ज. १८७५ साली तर थेट विलायतेच्या पार्लमेंटला अर्ज गेला, की आमचेही प्रतिनिधी तुमच्या सभागृहात बसू द्या. १८७७च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीत झगमगत असताना हे काका जाड्याभरड्या खादीत जाऊन उभे राहिले. दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला भरला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणारे हेच. आणि ही सभा पुण्यातली असल्यामुळे पुढचं ओघाने आलंच: १८९५ मध्ये ती टिळकांच्या पक्षाकडे गेली, आणि पुढच्याच वर्षी रानडे-गोखल्यांच्या मंडळींनी डेक्कन सभा काढली. सरकारविरुद्ध एक अर्ज करणारे दोन मराठी लोक भेटले की दोन अर्ज होतात. सरकारला वाटतं, विरोधक फुटले. प्रत्यक्षात त्याला उत्तरं दोन द्यावी लागतात.

सार्वजनिक काकांना जे मिळालं नाही ते आमच्या काकांना मिळालं: माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात तो केंद्राच्या आधी आला. अण्णा हजाऱ्यांनी त्यासाठी उपोषणं केली. गोव्याने तर १९९७ मध्येच कायदा करून आपल्याला मागे टाकलं होतं. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज दाखल झाला तो पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात. यात आश्चर्य वाटलेला एकही पुणेकर मला भेटलेला नाही.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत, पानाला दोन रुपये. माहिती वेळेत दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड होऊ शकतो, पंचवीस हजारांपर्यंत, आणि तोही त्याच्या खिशातून. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची सक्ती नाही. तरी प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो: "कशाला हवंय हे तुम्हाला?" यावर काका म्हणतात, "वाचायला." एवढं निरागस उत्तर ऐकलं की समोरचा जास्तच घाबरतो.

एका बाबतीत मात्र सरकारने काकांवर मात केली. २०१२ मध्ये राज्याच्या नियमांत दुरुस्ती झाली: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि शक्यतो दीडशे शब्दांत. दीडशे! काकांचा 'विषय' एवढ्याच मजकुराचा होतो. 'संदर्भ' पुढे वेगळा. काही दिवस ते खिन्न होते. मग त्यांनी एका लांबलचक अर्जाचे सात छोटे केले. सात आवक क्रमांक पडले, सात मुदती सुरू झाल्या. काटकसर कोणी कोणाला शिकवली, कळायला मार्ग नाही.

आठवड्यातला त्यांचा मोठा दिवस सोमवार. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. (बाकीचे दिवस कशाचे, हे विचारायचं नसतं.) शिवाय सोमवारी दुपारी तीन ते पाच कचेरीत जाऊन फायली नुसत्या बघता येतात, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, २०१८ मध्ये राज्याने ती इतरांनाही लागू केली. काकांचा सोमवारचा उपास असतोच. सकाळी महादेव, दुपारी बांधकाम विभाग. दोघेही भोळे असतील अशी आशा धरून ते जातात, आणि त्यातल्या एकाच्या बाबतीत ती खरी ठरते.

उत्तरं येतात. उत्तर येत नाही हा गैरसमज आहे; इतकी उत्तरं येतात की खड्डा परवडला. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे.' 'आपली मागणी तपासून नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' 'मागितलेली माहिती निरंक.' गेल्या पावसाळ्यात शाळेच्या वळणावरच्या खड्ड्याबद्दल आलेलं उत्तर काकांनी जपून ठेवलंय: 'सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही.' खोटं नव्हतं ते. पाहणीच्या दिवशी तिथे तळं होतं. काकांनी टेप घेऊन लांबी, रुंदी आणि काठीने खोली मोजली, शेजारी त्या दिवसाचा पेपर धरून फोटो काढला, आणि लिहिलं, 'खड्डा आढळून येत नसल्यास सदर जलाशयाची नोंद कोणत्या विभागाकडे आहे, ते कळवावे.'

आठवड्याभरात खडी पडली. डांबर अजून वर्ग व्हायचं आहे.

बाकीचे आपण यात कुठे असतो? आपण पाठीशी असतो. 'काका, तुम्ही पुढे व्हा, आम्ही पाठीशी आहोत.' सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या प्रश्नावर रात्री अकराला क्रांती होते. मुठी, मशाली, लाल तोंडाचे चेहरे, 'आता बास!', 'रस्त्यावर उतरू!' सकाळी दहाला नगरपालिकेत जायचं ठरतं आणि सकाळी दहाला आम्ही सगळे खरोखरच पाठीशी असतो, साधारण तीन किलोमीटर. तरी काका जमतील तेवढ्यांना धरून नेतात, कारण एकट्याचं असतं ते पत्र आणि पाच जणांचं असतं ते शिष्टमंडळ.

शिष्टमंडळाने निवेदन द्यायचं आणि फोटो काढायचा. हा फोटो महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सारखाच निघतो. मधोमध एक कागद. त्याला एका बाजूने साहेबाने धरलेलं, दुसऱ्या बाजूने अकरा हातांनी. ज्यांचे हात पोचत नाहीत ते धरणाऱ्याच्या कोपराला हात लावतात, श्राद्धात लावतात तसा. मागचे टाचा वर करून कॅमेऱ्याकडे बघतात. साहेब कागदाकडे बघतो, कारण निवेदनाच्या शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील' असं आहे की नाही, तेवढंच त्याला पाहायचं असतं. ते नसेल तर निवेदन पूर्ण धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि तिची शेवटची ओळ असते, 'निवेदनावर अमुक, तमुक, ढमुक आदींच्या सह्या आहेत.' या राज्याच्या सार्वजनिक जीवनात मी कोण आहे, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. मी 'आदी' आहे. सही करून, फोटोत अर्धा कान देऊन, वर्षानुवर्षं मी 'आदी'च राहिलो. पण आदी नसले तर अमुक-तमुकांना कोणी विचारत नाही, याची मला जाणीव आहे आणि थोडा गर्वही आहे.

बायका या भानगडीत फारशा पडत नाहीत, कारण त्यांना कागदावर विश्वास नाही. आमच्या गल्लीतल्या मावशींनी नळाचं पाणी बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत भरलं, सरळ अभियंत्याच्या केबिनमध्ये गेल्या, तिथलाच काचेचा ग्लास उलटा होता तो सुलटा केला आणि ओतलं. रंग पातळ चहाचा. "घ्या साहेब, उन्हातनं आलात."

"मी बाहेर गेलोच नव्हतो, मावशी."

"तरी घ्या. आमची पोरं शाळेत जायच्या आधी घेतात."

अभियंत्याने ग्लासाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, फोन उचलला. कुणाला लावला ठाऊक नाही. पण ग्लास टेबलावर असेपर्यंत त्याने फोन खाली ठेवला नाही.

मावशींच्या मागे मोठी परंपरा आहे. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली: मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. यांतल्या समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका तत्त्वाने एकमेकींच्या विरोधात. पण तेल, साखर आणि रॉकेल तिघींच्या-चौघींच्या घरी एकाच वेळी संपत होतं. हजारो बायका हातात थाळी आणि लाटणं घेऊन रस्त्यावर आल्या. पोलिसांची अडचण झाली. लाटणं हे शस्त्र म्हणून कुठल्या कलमात बसवायचं, आणि बसवलंच तर संध्याकाळी घरी जायचं कोणत्या तोंडाने? गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' झालेल्या मृणालताई १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत पडल्या आणि घोषणा झाली, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' निवडणुकीच्या घोषणांत एवढं नेमकं काम मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आणि मोर्चा म्हटलं की २०१८चा मार्च आठवायलाच हवा. नाशिकहून किसान सभेचे शेतकरी, त्यांत बहुतेक आदिवासी, वनजमिनीच्या हक्कांसाठी आणि कर्जमाफीसाठी चालत निघाले. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. मुंबईत शिरून सोमय्या मैदानावर टेकले, तर कळलं की उद्या सकाळी दहावीचा पेपर आहे, मोर्चाने पोरांची वाट अडेल. म्हणून पाय सोललेली ती माणसं रात्रीच उठली आणि अंधारात चालत पहाटे आझाद मैदानात जाऊन बसली. ज्या शहरात नगरसेवकाच्या वाढदिवसाला भर दुपारी रस्ता बंद होतो, त्या शहराला हे काय चाललंय ते समजायला वेळ लागला. मग लोकांनी पाणी आणलं, बिस्किटं आणली, चपला आणल्या. संध्याकाळी सरकारने मागण्या मान्य केल्या.

आता बघा, एवढं चालून त्यांनी काय घेतलं? लेखी आश्वासन. तोंडी घेतलं नाही. काका म्हणाले, "शाबास." पण काकांना कागदाच्या मर्यादाही माहीत आहेत. पुढच्याच फेब्रुवारीत ती माणसं, लेखी आश्वासनाचं काय झालं हे विचारायला, परत नाशिकहून निघाली. मग नवं आश्वासन मिळालं. २०२३च्या मार्चमध्ये पुन्हा. सरकारने त्यांना स्मरणपत्र धाडायची सवय लावली, आणि ते स्मरणपत्र पायी येतं.

कधीकधी सरकार घाईने ऐकतं, तेव्हा आंदोलनकर्त्यांची फार पंचाईत होते. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला आणि कोणाच्या इमारतीतून रस्ता गेलेला, कुठली वारसावास्तू गायब, असे चमत्कार लोकांनी नकाशाला नाक लावून शोधून काढले. हरकतींचे गठ्ठे इतके आले की दोन महिन्यांतच आराखडा नव्याने करायचा आदेश निघाला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला. शिक्षक, लेखक, पालक, पक्ष, सगळे उठले. ५ जुलैला मोर्चा ठरला आणि २९ जूनला सरकारने निर्णयच मागे घेतला. फलक रंगवून झालेले, घोषणा पाठ झालेल्या, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन पक्षनेते भाऊ एका मंचावर यायला तयार. एवढी तयारी वाया कशी घालवायची? मोर्चाचा विजयी मेळावा झाला. ही सोय सरकारने आधी कळवली असती तर फलकांवरची क्रियापदं भूतकाळात रंगवता आली असती.

आमच्या काकांना हल्ली एक जोडीदारीण मिळाली आहे. तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी. शाळेच्या वळणावर स्कूटर घसरून तिचं कोपर फुटलं, आणि तिने वॉर्डातल्या सगळ्या खड्ड्यांचा नकाशाच फोनमध्ये बनवला. प्रत्येकाचा फोटो, जागा, वेळ. तक्रार ॲपवर टाकली.

"पोच घेतलीस?" काकांनी विचारलं.

तिने टोकन क्रमांक दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला. "यावर शिक्का कुठाय?"

"ऑनलाइन असतं ना, काका. शिक्का नसतो."

चार दिवसांनी तिला मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, सेवेबद्दल अभिप्राय द्या, पाच तारे. खड्डे जागच्या जागी. ती पोरगी जी भडकली, की तिच्या शब्दांतले निम्मे मी इथे छापू शकत नाही. काका मात्र बऱ्याच दिवसांनी ताजेतवाने दिसले. निकाली निघालेल्या तक्रारीवर अपील करायला त्यांना फार आवडतं. त्यांनी तिला 'उपरोक्त' आणि 'सदर' कुठे वापरायचे ते शिकवलं, तिने त्यांना अक्षांश-रेखांश. दोघांनी मिळून जे तयार केलं ते दीडशे शब्दांत बसलं, हे मी स्वतः मोजलं.

सोमवारी तिघं गेलो. बारनिशीतल्या गृहस्थांनी आम्हाला जिन्यावरूनच येताना पाहिलं आणि डबा परत झाकला. काही न बोलता शिक्का काढला, तारीख फिरवून आजची केली आणि पॅडसाठी काकांपुढे हात केला.

"दोन प्रती ना?" त्यांनी विचारलं.

"तीन," पोरगी म्हणाली. "एक आयुक्तांना, माहितीस्तव."

गृहस्थ काकांकडे बघत म्हणाले, "हिला पण तुम्हीच शिकवलंत का हो?"

"नाही," काका म्हणाले, "हे तुमच्या खड्ड्याने."